क्रँकच्या टोकावरचा हार्मोनिक डँपर: आरपीएम वाढवायच्या आधी काय तपासायचं, काय निवडायचं, कसं बसवायचं

ॲल्युमिनियमची हलकी क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पुढच्या टोकावरचं बेल्टचं चाक) घालू का, हा प्रश्न ट्यूनिंगच्या नादाला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. स्टॉक (कंपनीची मूळ) पुली हातात घेतली की जड लागते, मधे रबर दिसतं, आणि वाटतं की कंपनीने हे उगाच वजन लटकवलंय, काढलं तर इंजिन पटकन फिरेल. माझं उत्तर आधीच सांगतो: ते रबर आणि बाहेरची जड रिंग म्हणजे हार्मोनिक डँपर, क्रँकची थरथर जिरवणारा पार्ट आहे, आणि इंजिन जितकं जोरात चालवायचं तितकी त्याची गरज जास्त. शेकडो हॉर्सपॉवरची इंजिनं बांधणारे लोक डँपर काढत नाहीत, उलट आणखी चांगला, आणखी महाग डँपर विकत घेतात. तो का लागतो ते आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की क्रँकशाफ्ट म्हणजे एकदम कडक, न वाकणारा लोखंडी दांडा. मशीन शॉपमध्ये फोर्ज केलेला क्रँक साखळीला टांगून त्याच्यावर छोट्या हातोडीने हलकेच टोला मारतात, आणि तो टण्ण करून वाजतो, आवाज कितीतरी वेळ रेंगाळतो (तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो, म्हणूनच मारतात). वाजतो याचा अर्थ तो थरथरतोय, आणि आवाज रेंगाळतो याचा अर्थ स्टीलला ती थरथर स्वतःहून पटकन जिरवता येत नाही. पुण्यात भारत फोर्जसारख्या कारखान्यात क्रँक फोर्ज होतात आणि ते उत्तम स्टीलचे असतात, पण स्टील कितीही चांगलं असलं तरी पीळ दिला की ते थोडं पिळलं जाणार आणि सोडलं की उलटं फिरणार, त्यातून सुटका नाही.

आता तो पीळ किती असतो ते बघा. टोयोटाच्या २जेझेड या सहा सिलेंडरच्या इंजिनाचा बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) दोन्ही ८६ मिमी. बूस्टवर (टर्बोने हवा दाबून भरलेली असताना) सिलेंडरमध्ये १०० बार प्रेशर झालं असं धरलं तर पिस्टनच्या डोक्यावर जवळपास ५८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६ टनांचा दाब येतो, आणि हा दाब पिस्टन टॉपवरून नुकताच १२-१५ अंश खाली सरकलेला असताना येतो. तेवढ्या अंशाला क्रँकच्या आऱ्याला फार लिव्हर मिळत नाही, तरी एकट्या सिलेंडरचा टॉर्क त्या क्षणी ७०० एनएमच्या पुढे जातो. मग तो ओसरतो, शेजारच्या सिलेंडरमध्ये कॉम्प्रेशन चाललेलं असतं ते उलटा ब्रेक लावतं, आणि १२० अंशांनी पुढचा दणका. डायनोच्या (पॉवर मोजायच्या मशीनच्या) कागदावर दिसणारा टॉर्क म्हणजे या सगळ्या दणक्यांची सरासरी, क्रँकला मात्र प्रत्येक दणका वेगळा सोसावा लागतो.

मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं त्यामुळे ते टोक जवळजवळ एकसारखं फिरतं. पुढचं टोक मोकळं. त्यामुळे सगळी थरथर पुढच्या टोकाला जास्त, पुली सरासरी वेगाच्या कधी जरा पुढे कधी जरा मागे अशी सेकंदाला शेकडो वेळा डुलत असते. अंशाच्या काही भागाइतकंच, डोळ्याला दिसत नाही, पण टायमिंग बेल्ट किंवा चेन, ऑईल पंप, बऱ्याच इंजिनात क्रँक सेन्सरचं चाकसुद्धा त्याच टोकावर बसलेलं असतं हे विसरू नका.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक क्रँकची स्वतःची एक नॅचरल फ्रिक्वेन्सी असते, आणि दणक्यांचा ठेका त्या फ्रिक्वेन्सीला जुळला की प्रत्येक दणका आधीच्या पिळात भर घालत जातो, मुलाला झोक्यावर नेमक्या वेळेला ढकलत राहिलं की झोका वाढत जातो तसंच. याला रेझोनन्स म्हणतात. क्रँक जितका लांब तितकी फ्रिक्वेन्सी कमी, म्हणून इनलाईन-सिक्सवाल्यांना (एका ओळीत सहा सिलेंडर) हा त्रास सगळ्यात आधी झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा सिलेंडरच्या गाड्या आल्या आणि क्रँक तुटायला लागले, रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या ३० हॉर्सपॉवरच्या सिक्सलाही हा त्रास होता, आणि १९१० च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर यांनी क्रँकसाठी डँपरचं पेटंट घेतलं. तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही, माल आणि बनवण्याची पद्धत सुधारलीय.

पहिली पायरी, वहीत गणित मांडा

पार्ट शोधायच्या आधी हे करा, दहा मिनिटांचं काम आहे. फोर स्ट्रोकमध्ये चार सिलेंडरला एका फेऱ्यात दोन दणके, सहाला तीन, आठला चार. याला ऑर्डर म्हणतात. सहा सिलेंडरला तिसरी ऑर्डर सगळ्यात तगडी, त्यानंतर सहावी वगैरे, आणि सायकल दोन फेऱ्यांची असल्यामुळे साडेचारसारख्या अर्ध्या ऑर्डरही असतात. फॉर्म्युला सोपा: फ्रिक्वेन्सीला ६० ने गुणा, ऑर्डरने भागा, आलं ते धोक्याचं आरपीएम.

धरून चला की तुमच्या सिक्सची फ्रिक्वेन्सी ३६० हर्ट्झ आहे (हा आकडा मी गणितासाठी घेतलाय, तुमच्या इंजिनाचा वेगळा असेल). सहावी ऑर्डर येईल ३६०० आरपीएमला, साडेचारवी ४८०० ला, आणि तिसरी, म्हणजे सगळ्यात जोरदार, ७२०० ला. आता स्टॉक लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) ६८०० ला आहे असं समजा. कंपनीच्या इंजिनिअरने लिमिटर तिथे ठेवला त्यामागे व्हॉल्व्ह स्प्रिंगपासून बरीच कारणं असतील, पण परिणाम असा की तिसऱ्या ऑर्डरचा शिखराचा भाग रेडलाईनच्या बाहेर राहिला, आणि स्टॉक डँपर फक्त त्याच्या अलीकडचं सांभाळतोय. तुम्ही कॅम, स्प्रिंग टाकून लिमिटर ७८०० केला की प्रत्येक गिअरमध्ये त्या ७२०० मधून जाणार, ट्रॅकवर तर तिथेच घुटमळणार. पॉवर किती वाढली याच्यापेक्षा इंजिन कुठल्या आरपीएमला किती वेळ राहतं हे क्रँकला जास्त जाणवतं, आणि हीच गोष्ट बहुतेक बिल्डमध्ये कुणी बघत नाही.

याच्यात आणखी एक गुंता आहे. क्रँक बदलला, स्ट्रोक वाढवणारं स्ट्रोकर किट टाकलं, रॉड-पिस्टन हलके केले, फ्लायव्हील हलकं केलं, तर फ्रिक्वेन्सी सरकते. रबरी डँपर एका ठराविक फ्रिक्वेन्सीच्या आसपास जुळवलेला असतो, त्यामुळे कंपनीने जो मेळ घातला होता तो बिघडतो. आणि इंजिन बॅलन्स करून घेतलंय म्हणून हे मिटलं असं अजिबात समजू नका. बॅलन्सिंग मशीनवर वजनाचा असमतोल निघतो, पिळाचं कंपन हा वेगळा विषय, शंभर टक्के परफेक्ट बॅलन्स केलेला क्रँकसुद्धा पिळला जातोच.

दुसरी पायरी, हलक्या पुलीचा फायदा खरंच किती ते मोजा

समजा हलक्या पुलीने २ किलो वाचले. पुलीचा व्यास लहान असतो त्यामुळे फिरणारी जडता साधारण ०.००७ किलो-मीटर वर्गाने कमी होईल. दुसऱ्या गिअरमध्ये एकूण रेशो ८ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरा, गणित केलं तर हे गाडीतून फक्त ५ किलो काढल्यासारखं येतं. पहिल्या गिअरमध्ये १५ किलोच्या आसपास, टॉप गिअरमध्ये जवळजवळ शून्य. डिकीतलं सामान काढून ठेवलं तरी एवढं मिळतं. न्यूट्रलमध्ये इंजिन भुर्रकन वर जातं म्हणून फरक मोठा वाटतो, रस्त्यावर तो फरक नसतो. एवढ्यासाठी डँपर काढून टाकणं मला कुठल्याच हिशोबात पटत नाही. काही छोट्या इंजिनांना कंपनीच साधी, बिनरबराची पुली देते, तिथे गोष्ट वेगळी, पण तुमच्या पुलीत रबराची रेघ दिसत असेल तर ती तिथे कारणाने आहे.

डँपर नसला किंवा मेला तर काय होतं? क्रँक लगेच तुटत नाही, म्हणूनच लोक फसतात. आधी आजूबाजूचे पार्ट जातात. निसानच्या आरबी२६ मध्ये ऑईल पंपाचा गिअर पावडर मेटलचा असतो आणि तो थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो, जास्त आरपीएमला त्या टोकाच्या थरथरीने गिअरचे तुकडे होतात, आणि ऑईल प्रेशर गेलं की पुढचं सांगायला नको. फोर्डच्या कोयोटी व्ही८ मध्येही बूस्ट टाकणारे लोक ऑईल पंपाचे गिअर आधी बदलतात, कारण तेच. बीएमडब्ल्यूच्या एम५० घराण्यातल्या सिक्समध्ये ट्रॅकवर ऑईल पंपाच्या स्प्रॉकेटचा नट ढिला होतो, म्हणून लोक तो तारेने बांधून ठेवतात. शिवाय इग्निशन टायमिंग हलकं हलकं इकडेतिकडे होतं, कॅमची वेळ चुकते, फ्लायव्हीलचे बोल्ट सैल होतात. आणि क्रँक तुटलाच तर तडा बघा, पिळाने गेलेला तडा जर्नलच्या गोलाईतून किंवा ऑईलच्या भोकापासून सुरू होऊन साधारण ४५ अंशात तिरका गेलेला असतो. तसा तडा दिसला तर नुसता नवीन क्रँक टाकून उपयोग नाही, डँपर तपासा.

तिसरी पायरी, आत्ता जो लागलाय तो तपासा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण आपल्याकडे बहुतेक परफॉर्मन्स गाड्या सेकंडहँड येतात आणि वीस-तीस वर्षं जुनं रबर कुणी बघितलेलं नसतं. बेल्ट काढा, टॉर्च घ्या. रबराला चिरा आहेत का, कुठे फुगून बाहेर आलंय का, ऑईल सील गळून त्यावर तेल उतरलंय का बघा, तेलाने रबर मऊ पडतं आणि धातूपासून सुटतं. नखाने टोकरून बघा, चुरा पडला तर विषय संपला. मग बाहेरची रिंग हबच्या मानाने मागे सरकलीय का बघा, मागच्या टायमिंग कव्हरवर गोल घासल्याची चमकती रेघ असेल तर रिंग नक्की सरकलीय.

सगळ्यात भारी आणि फुकटातली टेस्ट म्हणजे पांढऱ्या पेंटची रेघ. पुली ब्रेक क्लीनरने पुसून घ्या आणि हबपासून रबरावरून बाहेरच्या रिंगपर्यंत एकच सरळ रेघ बारीक ब्रशने ओढा, पूर्ण वाळू द्या, मग गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवा, एकदोनदा रेडलाईनपर्यंत न्या. परत बघाल तेव्हा रेघ तुटून रिंगवरचा तुकडा बाजूला सरकलेला दिसला तर रबर आतून सुटलंय, मग बाहेरून ते कितीही छान दिसो. यातला आणखी एक धोका असा की बऱ्याच इंजिनात टायमिंग मार्क बाहेरच्या रिंगवर असतो, रिंग फिरली की मार्क खोटा, आणि टायमिंग लाईट लावून तुम्ही इमानदारीत चुकीचं टायमिंग सेट करणार. शंका असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉपर लावून खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शोधा आणि मार्कशी ताडून बघा.

रिंग डोलतेय का हे बघायला डायल गेज रिंगच्या तोंडाला लावा आणि इंजिन पान्याने हाताने फिरवा, किती रनआऊट (डोलणं) चालतो ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं.

डिझेलवाल्यांनीही हे वाचा. रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवलेल्या डिझेल गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत, त्यांचे दणके पेट्रोलपेक्षा मोठे, आणि पुलीच्या रबराला उष्णतेचा मार जास्त. आयडलला पुढून खडखड किंवा चुकचुक येत असेल, बेल्ट सारखा एका बाजूला घासून खराब होत असेल तर अल्टरनेटर आणि टेन्शनर बदलायच्या आधी क्रँक पुली बघा. काही पुलींमध्ये दोन रबरं असतात, एक क्रँकच्या पिळासाठी आणि दुसरं बेल्टला झटके लागू नयेत म्हणून, दोन्ही वेगवेगळी तपासा.

चौथी पायरी, निवड

रस्त्यावरची गाडी, स्टॉक रेडलाईन, थोडीफार पॉवर वाढलेली: कंपनीचा नवा डँपर घ्या आणि निवांत रहा. खूप लोकांना हे ऐकायला आवडत नाही पण त्या आरपीएमसाठी त्याच्याइतका जुळवलेला दुसरा मिळणार नाही.

आरपीएम वाढवलंय किंवा आतले पार्ट बदललेत, तर दोन मुख्य जाती. एक रबराची, पण परफॉर्मन्सवाली, ज्यात रिंग नुसती चिकटवलेली नसून धातूच्या खोबणीत अडकलेली असते. एटीआय कंपनीच्या डँपरमध्ये रबरी ओ-रिंग वेगवेगळ्या कडकपणाच्या मिळतात आणि रबर गेलं की रिबिल्ड करता येतो, म्हणजे एका विशिष्ट बिल्डला तो जुळवून घेता येतो. रबर करतं काय, तर क्रँकच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास रिंगला उलट्या तालात डोलू देतं, त्यामुळे एका मोठ्या शिखराची दोन छोटी शिखरं होतात आणि उरलेली थरथर रबरात उष्णता होऊन जिरते. मर्यादा हीच, की त्या पट्ट्याच्या बाहेर तो फार काही करत नाही, आणि तापला की रबराचा कडकपणा बदलतो.

दुसरी जात व्हिस्कस, फ्लुइडॅम्पर हे त्यातलं ओळखीचं नाव. बंद डब्यात जड रिंग मोकळी असते आणि मधल्या बारीक फटीत घट्ट सिलिकॉन तेल. क्रँक थरथरला की डबा थरथरतो, रिंग आपल्या जडतेने एकसारखी फिरत राहते, मधलं तेल कातरलं जातं आणि त्यात ऊर्जा जिरते. हा एका फ्रिक्वेन्सीला बांधलेला नसतो, सगळ्या पट्ट्यात काम करतो. नेमका एकच आरपीएम त्रास देत असेल आणि इंजिनचा नीट अभ्यास झालेला असेल तर जुळवलेलं रबर सरस ठरू शकतं. पण वेळोवेळी टर्बो, कॅम, क्लच बदलत राहणाऱ्या माणसाला मी व्हिस्कसच सांगेन, कारण प्रत्येक बदलानंतर फ्रिक्वेन्सी कुठे सरकली हे मोजायची सोय बहुतेकांकडे नसते.

ड्रॅग किंवा रेसिंगसाठी एसएफआय १८.१ या रेसिंगच्या सुरक्षा मानकाचा टॅग असलेलाच घ्या. जुना ओतीव लोखंडाचा चिकटवलेला डँपर जास्त आरपीएमला फुटला तर रिंगचे तुकडे बॉनेट, रेडिएटर, वेळ पडली तर माणसाच्या अंगावर येतात.

अमेरिकन व्ही८ असेल तर एक गोष्ट ऑर्डर द्यायच्या आधी तपासाच, इंजिन इंटर्नल बॅलन्स आहे की एक्स्टर्नल (म्हणजे समतोलाचं काही वजन डँपरवर असतं). फोर्ड ३०२ मध्ये जुन्या इंजिनांना २८ औंस-इंचाचा आणि नंतर ५० औंस-इंचाचा काउंटरवेट लागतो, शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये ४०० हे एक्स्टर्नल. चुकीचा डँपर बसतो अगदी व्यवस्थित, आणि इंजिन पहिल्या दिवसापासून हादरतं.

पाचवी पायरी, काढणं आणि बसवणं

काढताना तीन जबड्यांचा पुलर बाहेरच्या रिंगला लावून ओढू नका, रबर तिथेच फाटतं. हबमध्ये बोल्टची भोकं असतात, त्यात बोल्ट लावून हबला ओढणारा पुलर वापरा, आणि क्रँकच्या टोकाचे आटे वाचवायला मधे डमी बोल्ट किंवा धातूचा तुकडा ठेवा. पुली धरून ठेवायला चेन रेंच रिंगला गुंडाळू नका, फ्लायव्हील लॉक करा. होंडावाल्यांना हबच्या षटकोनात बसणारा ५० मिमीचा होल्डर मिळतो, तो घ्याच.

नवा बसवायच्या आधी क्रँकचं टोक मायक्रोमीटरने आणि हबचं भोक बोअर गेजने मोजा. प्रेस फिटच्या इंजिनात भोक साधारण एक थाऊ, म्हणजे ०.०२५ मिमीने लहान हवं, नेमका आकडा डँपरच्या कागदावर दिलेला असतो. सैल असेल तर हब आत घासत राहून क्रँकचं टोक खाऊन टाकतो, फार घट्ट असेल तर बसवताना अर्ध्यात अडकतो. भोक होन करून (बारीक घासून मोठं करून) घ्यायचं असेल तर चांगल्या मशीन शॉपमध्येच द्या. टोकाला तेलाचा हात लावा, इन्स्टॉलर टूलने सरळ आत घ्या. हातोडी नाही, डँपरचाच बोल्ट फिरवून ओढून घेणं नाही, त्याने आटे निघतात. व्हिस्कसला तर टोला लागलाच नाही पाहिजे, डब्याला पोचा पडला की आतली रिंग अडकते आणि डँपर नुसतं जड चाक होऊन बसतो, त्याला वेल्डिंग, ड्रिलिंग, लेथवर घेणं यातलं काहीही चालत नाही.

बोल्टबद्दल बोलायलाच हवं. पुलीला फिरवते ती चावी (क्रँक आणि हबच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) नाही, बोल्टच्या दाबाने तयार होणारं घर्षण फिरवतं, चावी फक्त जागा दाखवते. बोल्ट कमी घट्ट राहिला की थरथरीचे सगळे झटके चावीवर येतात, खाच रुंद होते आणि मग क्रँकच बदलावा लागतो. त्यामुळे बोल्ट ताणाचा (घट्ट करताना थोडा ताणला जाणारा) असेल तर दरवेळी नवा, वॉशरची तोंडं स्वच्छ, टॉर्क रेंच आणि अँगल गेज, इम्पॅक्ट गन फक्त काढायला. जीएमच्या एलएस१ ला तर चावीच नाही, तिथे आधी जुन्या बोल्टने ३३० एनएमपर्यंत हब बसवून घ्यायचा, मग नवा बोल्ट ५० एनएम आणि पुढे १४० अंश. त्याला सुपरचार्जर लावणार असाल तर क्रँक आणि हब ड्रिल करून पिन घालून घ्या.

बसल्यावर बेल्टची लाईन पट्टीने तपासा, टायमिंग मार्क खऱ्या टॉप डेड सेंटरशी ताडा, ऑईल सील हबवर जिथे बसते तिथे खड्डा पडलेला नाही ना ते बघा. परत पांढरी रेघ ओढा, रबराचा असेल तर. पहिल्या शेदोनशे किलोमीटरनंतर बेल्ट काढून रेघ आणि रनआऊट बघा, बोल्ट आणि हबवर बोल्टच्या डोक्यापासून हबपर्यंत मार्करने एक खूण आधीच करून ठेवा म्हणजे बोल्ट हलला का ते पाना न लावता कळतं, कारण ताणाचा बोल्ट पुन्हा पुन्हा घट्ट करून बघायचा नसतो. ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर रबराचा डँपर दर सीझनला काढून हातात घेऊन बघा, आणि व्हिस्कस असेल तर डब्याच्या सांध्यावर तेलाचा ओलसरपणा आणि कुठे फुगवटा शोधा. त्यातलं सिलिकॉन वर्षानुवर्षं उष्णता खाऊन घट्ट होत जातं, म्हणून जुन्या रेस इंजिनातून निघालेला, किती तास चालला ते कुणालाच माहीत नसलेला व्हिस्कस डँपर स्वस्तात मिळाला तरी उचलू नका.